दादाची बंद पडलेली गोळी

मंगळवार, संध्याकाळ

आज फुलंब्रीतल्या आरोग्य शिबिरात हृदयविकारावर बोलले. पडद्यावर आलेख दाखवला. कित्येक श्रीमंत देशांत या आजारानं होणारे मृत्यू गेल्या काही दशकांत बरेच कमी झाले, आपल्याकडं मात्र माणसं ऐन कर्त्या वयात जातात. माझा थोरला भाऊ मागं बसून तंबाखू मळत होता.

"तिकडं काय येगळं करतेत?" त्यानं विचारलं.

"तंबाखू कमी केली, बीपी तपासून गोळ्या नेमानं घेतल्या. उपचारही सुधारले."

नंतर त्याचं बीपी मोजलं. बरंच वाढलेलं. वहिनी म्हणाली, गोळी दिवाळीपासून बंद आहे.

"मला काय बी होत नाय," दादा म्हणाला. "मग कशाला खायची?"

वाढलेलं बीपी दुखत नाही, हेच तर मी इतका वेळ सांगत होते. सख्ख्या भावालाही पोचलं नाही? की मी नुसती आलेखाशीच बोलत होते?

"दादा, आबा गेले तेव्हा केवढे होते?"

आमचे वडील हृदयविकारानंच गेले होते. तो तळहातावरच्या तंबाखूकडं बघत म्हणाला, "माझ्याहून लहान व्हते."

मग शिबिरातल्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, तिथंच हातात दिली. वहिनीनं पाणी दिलं, त्यानं मुकाट्यानं घेतली.

"तंबाखूचं आजच इचारू नको."

नाही विचारलं. एका दिवसात किती मागायचं?

स्टँडवर सोडायला आला, तेव्हा त्यानं गाडी बंद केली. म्हणाला, "आबाचं बीपी कुणी मोजलंच नसंल ना गं कधी?"