विंचल्सीच्या चर्चबाहेर काढलेल्या चपला

संकष्टी, संध्याकाळ, बर दुबई

मुग्धाला इंग्लंडात नोकरी लागली. खोली राय गावात घ्यायची की शेजारच्या विंचल्सीत, हे बघायला गेल्या आठवड्यात मीही गेले होते. रायला दुकानं, माणसांची वर्दळ. विंचल्सीत चिटपाखरू नाही. पोर एकटी राहणार, म्हणून माझं आपलं राय, राय.

पण विंचल्सीच्या चर्चमध्ये शिरताना सवयीने चपला बाहेर काढल्या. मुग्धा कुजबुजली, "आई, प्लीज! इथे कोणी काढत नाही." आत बसलेल्या एक आजी लगबगीने आल्या. वाटलं, रागावणार. त्यांनी "लादी गार आहे" म्हणत स्वतःची शाल माझ्या पायांखाली अंथरली.

आज देवळात चपला काढताना तेच आठवलं. आल्या आल्या फोन केला, "विंचल्सीत घे."

"आई, देअर्स नथिंग देअर!"

"त्या आजी आहेत ना."

मुग्धाचा स्वेटर विणून उरलेल्या लोकरीत मोज्यांचे दोन जोड होतील. एक मुग्धाला, एक आजींना.