घरचं एक सांग

रविवार, ३ तारीख

पोहोचले! विद्यापीठाच्या फाटकापाशी ताई उभीच होती. ताई म्हणजे माझी मावसबहीण. मावशी गेली तेव्हा ही एवढीशी होती, तेव्हापासून आमच्याच घरी वाढली. तिचं इथलं शिक्षण आता संपलंय. परत जायच्या आधी माझी राहायची सोय लावून दे, असं आईनं तिला बजावलंय.

दिवसभर जागा पाहत हिंडलो. वसतिगृहात एका खोलीत तिघी, न्हाणीघरापुढे बादल्यांची रांग, आणि रेक्टरबाईंचा चेहरा असा की काही न करताच माफी मागावी. मग चौघी मुलींनी मिळून घेतलेला फ्लॅट. मुली गोड होत्या, पण ओट्यावर खरकट्याचा ढीग आणि आज भांडी कुणी घासायची यावरून जुंपलेली. इथे अभ्यासाच्या नावानं शंख होईल, असं ताई माझ्या कानात म्हणाली. शेवटी तिनं स्वतःची खोली दाखवली. घर एका वयस्कर जोडप्याचं, सगळे त्यांना काका-काकू म्हणतात, दोघंच असतात. खोली लख्ख, मोठं टेबल, खिडकीत ऊन.

काकूंची अट एकच. संध्याकाळी जेवायला एकत्र बसायचं आणि रोज आपल्या घरचं काहीतरी एक सांगायचं. माझ्यासारख्या बडबडीला ही अट म्हणजे बक्षीसच! तू स्वतःच्या मनानं निवडतेयस ना, असं काकूंनी दोनदा विचारलं. मी हो म्हटलं. ताईच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. किती जीव आहे हिचा माझ्यावर.

मंगळवार, ५ तारीख

वर्ग सुरू झाले. ताई कागदपत्रांसाठी थांबलीय, मैत्रिणीकडे राहते.

आज जेवताना सायकलची गंमत सांगितली. बाबांनी मला सायकल शिकवली तेव्हा मागची सीट सोडून ते आनंदानं टाळ्या वाजवायला लागले आणि स्वतःच गटारात पडले. मी पुढे झोकात, ते मागे चिखलात! काका डोळे मिटून ऐकत होते. काकूंनी पुन्हा सांगायला लावलं. बाबांच्या सदऱ्याचा रंगसुद्धा विचारला. इतक्या आवडीनं माझं कुणी ऐकलं नव्हतं.

शनिवार, ९ तारीख

शाळेच्या फोटोच्या आदल्या दिवशी आईनं माझे केस कापले ते एका बाजूला आखूड, एका बाजूला लांब. फोटोत मी मान वाकडी करून ते सरळ दाखवलेत. हे सांगितल्यावर काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात गार होता.

हल्ली डोकं जरा रिकामं वाटतं. नवी जागा, दुसरं काय.

गुरुवार, १४ तारीख

त्या फ्लॅटमधल्या चौघींपैकी एकीनं तिची सायकल देऊ केली. मी म्हटलं, मला येत नाही. ती हसली, मीही हसले.

आत्ता सहज मागची पानं चाळली. बाबांनी मला सायकल शिकवली, असं लिहिलंय. अक्षर माझंच. पण मला सायकल येत नाही. कधीच येत नव्हती. आणि हे गटारात पडलेले गृहस्थ—यांचा चेहरा कसा आहे?

सोमवार, १८ तारीख

दुपारी ताईला पाहिलं. रस्त्यावरून सायकलवर येत होती. दोन्ही हात सोडून. सायकलला घाबरणारी ताई!

थांबून म्हणाली की तिला बाबांनीच शिकवलं, ते गटारात पडले होते ते. आई वाट बघतेय, आता घरी जायला हवं, असंही म्हणाली. तिची आई? मावशी तर केव्हाच—

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

गुरुवार, २१ तारीख

आज जेवताना गप्प बसले. काकू रागावल्या नाहीत. नुसत्या थांबल्या. काकाही थांबले. घास कुणीच उचलेना. मग माझं तोंड आपोआप बोलायला लागलं. काय बोलले ते आता आठवत नाही.

शनिवार, २३ तारीख

ताईला वाचनालयाबाहेर गाठलं. सगळं सांगितलं तिनं, शांतपणे. तीही या टेबलावर रिकामी झाली होती. स्वतःच्या आईचा चेहरासुद्धा गेला. तेव्हा काकूंनी सुटकेची वाट दाखवली. आपल्याच घरातलं माणूस आणायचं, त्यानं खोली स्वतः निवडायची. मग ते जे जे सांगेल ते आणणारीला मिळतं.

म्हणजे बादल्यांची रांग, खरकटी भांडी, सगळं ती मुद्दाम दाखवत होती. आणि ते डोळ्यांतलं पाणी!

ती म्हणाली, तुझ्याकडे किती होतं गं, आणि तू ते असंच उधळत होतीस. मला काय होतं?

मी तिला एक शिवीही देऊ शकले नाही. माझी ताई. माझी स्वतःची ताई.

रविवार, २४ तारीख

सकाळी बॅग भरून फ्लॅटवर निघाले. वळले, चालले, वळले. समोर काकूंचंच दार. पुन्हा निघाले. पुन्हा तेच. पायांना दुसरं घर ठाऊकच नाही.

दुपारी आईला फोन लावला. म्हटलं, आई, मी बोलतेय.

आई म्हणाली, कोण आपण?

अहो-जाहो. आईनं मला.

रडत रडत सांगितलं, मी तुझी मुलगी. ती हळुवारपणे म्हणाली की तिची एकुलती एक लेक आत्ताच घरी परतलीय, तुमचा नंबर चुकला असेल. मागून हसण्याचा आवाज आला. ताईचा. पण हसणं माझं होतं.

खोलीचं बोलताच मात्र आई खुलली. म्हणाली, माझी लेक तिथेच राहायची, फार चांगली माणसं आहेत. तुम्ही अगदी निर्धास्त राहा.

संध्याकाळ

ताटं मांडल्याचा आवाज येतोय.

एकच उरलंय. तेवढं नाही देणार. ते इथे लिहून ठेवते, म्हणजे—

मला ताप आला की आई उशाशी बसायची. कपाळावर हात ठेवायची. आणि हळूच म्हणायची—

काकूंनी हाक मारली.

म्हणायची, माझं—

माझं