रणगाड्याची पाटी

रविवार, ११ फेब्रुवारी १९७९

हे आज जेवताना चक्क गुणगुणत होते! देवळालीला छावणीच्या फाटकापाशी जुना रणगाडा ठेवलाय, त्यावर ‘शत्रूकडून जिंकलेला’ अशी पाटी आहे. हे सारखे म्हणायचे, “तो आपला आहे. पासष्टात मीच चालवलाय.” पण तसले रणगाडे दोन्हीकडे होते, मग कोण ऐकणार? मलाही कधी कधी शंका यायचीच.

आज तिथल्या तरुण कॅप्टनने विचारलं, “काका, पुरावा काय?”

“गिअरच्या दांड्याची मूठ तुटली होती. तिथे मी मोठा नट वेल्ड करून घेतला. बघा उतरून.”

कॅप्टन स्वतः आत उतरला. त्या मुठीची गोष्ट किती वर्षं ऐकतेय मी! पण तिथे नट नसलाच तर? यांच्याकडे बघायचं कसं?

आतून हाक आली, “काका, नट आहे!”

मला वाटलं हे रडतील, पण हसतच सुटले.

कॅप्टन म्हणाला, “पाटी बदलायला सांगतो. तुमचं नाव घालू?”

“एकट्याचं नको. आत आम्ही पाच जण होतो.”

मग यांनी सावकाश पाचही नावं सांगितली, स्वतःचं सगळ्यात शेवटी. बाकीची चार मी आज पहिल्यांदाच ऐकली.