मामांच्या फरशीवर फळ्या

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप सांडूमामांना भाचा अभयचा सविनय जयभीम.

तुमची तब्येत, शेतातला ऊस आणि मामींचा गुडघा ठीक असतील, असं धरून चालतो. (गुडघा उसाच्या आधी यायला हवा होता का, यावर बराच विचार केला. मामींनी क्रम मनावर घेऊ नये.) फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे मला मोठ्यानं बोलता येणार नाही, म्हणून पत्र.

आपल्या बैठकीत लाकडी फ्लोअरिंग केलं. थंडीत शहाबादी फरशीवर आईचे तळपाय गारठतात, हे कारण. (खरं तर तुमच्या सूनबाईंच्या, सुलेखाच्या, मैत्रिणीकडे पाहिलं आणि मलाच हवंसं झालं, आईचे पाय नंतर आठवले. पण आठवले.) ती फरशी तुम्ही रजा काढून, बहिणीच्या घरासाठी स्वतःच्या हातानं बसवलेली. उखडणं शक्यच नव्हतं. म्हणून तिच्यावरच फळ्या टाकायचं ठरलं.

ऋतुराज नावाचे कारागीर आले. त्यांनी लेव्हल ठेवली आणि म्हणाले, "सर, फरशी वाकडी है. पहले लेव्हल करना पडेगा." आई तिथंच डाळ निवडत होती. "माझ्या भावानं घातलेली हाय ती. वाकडं आसंल तर तुझं यंत्र!" मग दोघं माझ्याकडे बघू लागले. मामा, त्या यंत्रातला बुडबुडा कोपऱ्यात पळालेला मला स्वच्छ दिसत होता. पण परक्या माणसासमोर मामांची फरशी वाकडी म्हणायची कशी? मी म्हणालो, "सरळ आहे. खाली फोम टाका." ते म्हणाले, "तुमचं घर, सर. फिर मेरेको फोन नको." मी नंतर बऱ्याचदा केला. ते शब्दाला पक्के आहेत, उचलत नाहीत.

आता शेजारचे काकासाहेब दारातून आत पाऊल टाकतात, तेव्हा पलीकडे बसलेली सुलेखा किंचित वर येते. (किंचित हा शब्द माझा, तिचा वेगळा आहे.) कपाटातले कप येणाऱ्याजाणाऱ्याला वाजून दाखवतात. आईनं पहिल्याच दिवशी दोन पावलं टाकली आणि म्हणाली, "मी नाय बसायची ह्या हलत्या नावंत." तेव्हापासून ती दाराबाहेर ओट्यावर आहे. जेवण तिथं, दुपारची झोप तिथं. काकासाहेब गल्लीला ऐकू जाईल असं विचारतात, "साळूबाई, पोरानं बाहेर काढलं व्हय?" आई नाही म्हणत नाही. नुसता उसासा टाकते. लई मोठा.

बाकी सगळं ठीक. रविवारच्या एसटीनं सहज येऊन जावं. काम काही नाही.

तुमचा,
अभय

ता. क. काम आहे. फळ्या काढून, फरशीवर सिमेंटचा पातळ थर देऊन, मग परत बसवल्या तर डुगडुग थांबेल आणि आई आत येईल. पण ती म्हणते, "भाऊ सोता वाकडी म्हणंल तवा हात लाव." तेव्हा तुम्ही तिच्यासमोर तेवढा एक शब्द म्हणावा. तुम्हाला पटत नसलं तरी. हे खोटं बोलायला लावणं होतं का, ते ठरवत आहे.

ता. क. २. म्हणू नका. आत्ताच आईला विचारलं, फरशी वाकडी झाली कशी. (सगळ्यांना विचारून झालं होतं, तीच राहिली होती.) म्हणाली, "वाकडी काय? ढाळ हाय त्यो. मीच भावाकडून काढून घेतला. जयंतीला घर धुतलं, की पाणी आपसूक दाराबाहेर जातं. थांब, दावते तुला." आणि बादली घेऊन उठली.

ता. क. ३. पाणी बरोबर दाराबाहेर गेलं, मामा. तुमचा हात मानला. काही फळ्याही त्याच्या मागोमाग निघाल्या. उरलेल्या फुगून उभ्या राहिल्या, त्या मी काढल्या. आई आत आली आहे आणि तुमच्या फरशीवर पाय पसरून बसली आहे. रविवारी याच, आणि येताना कन्नडच्या बाजारातून लोकरीचे मोजे आणा. तिचे तळपाय खरंच गार आहेत. मी हात लावून पाहिला.