दोन गाड्यांमधलं अंतर

उस्ताद, आज दुपारी लेकीला परभणी स्टेशनवर सोडून आलो. गाडी हलेपर्यंत ती खिडकीशी बसली होती आणि मी फलाटावर हात पाठीमागे बांधून उभा होतो. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या साली ती जन्मली. आता ती मिलिटरी पोलिसात शिपाई आहे आणि सीमेजवळच्या रस्त्यावर फौजेच्या गाड्या सोडायचं काम करते. कोणती गाडी कधी निघायची, दोन गाड्यांत अंतर किती ठेवायचं, कोणी कुठं थांबायचं हे ती सांगते आणि तिच्या दुप्पट वयाचे ड्रायव्हर ऐकतात. म्हणजे तुमचंच काम. त्या जागेवर एक दिवस पोरगी उभी राहील असं आपल्या वेळी कुणी म्हटलं असतं तर तुम्ही हसला असता की गप्प बसला असता, मला अजून ठरवता येत नाही.

मला तुमच्या हाताखालचा पहिला आठवडा आठवतो. ट्रेनिंग सेंटरच्या मागच्या माळावर आम्हा शिकाऊ ड्रायव्हरांचा ताफा चालला होता. मला स्टिअरिंगची धास्ती, पुढच्या गाडीचा मागचा दिवा नजरेआड झाला की जीव घाबरा व्हायचा, म्हणून मी आपला तिच्या शेपटीला चिकटून चाललो होतो. तुम्ही शिट्टी मारून सगळा ताफा थांबवला आणि मला कॉलरला धरून खाली ओढलं. हिंदीत जे बोललात ते लिहिण्यासारखं नाही. मग अचानक आवाज खाली आला. "कुठला रे तू?" मी म्हटलं, "येलदरीचा, उस्ताद. जिंतूर तालुका." तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "मी वालूरचा. घरी काय करतेत?" "मेंढरं हायेत." "मंग तुला सांगायला नगं. भेलेलं मेंढरू काय करतं?" मी म्हटलं, "दुसऱ्याच्या पोटाखाली तोंड घालतं." "आन लांडग्याला काय व्हतं?" पुढचं तुम्हीच सांगितलंत. "लांडग्याला सोपं जातं. तू पुढच्या गाडीच्या पोटाखाली तोंड घालायलास. गोळा एक पडंल, गाड्या दोन जातील." मग दोन गाड्यांमधलं ते अंतर तुम्ही मला दिवस मावळेपर्यंत पायी चालायला लावलंत, इकडून तिकडं आणि तिकडून इकडं. पाय सुजले होते. रविवारी मात्र तुम्ही मला लंगरच्या मागच्या दारानं आत घेतलंत. घरून आलेलं ज्वारीचं पीठ तुम्ही एका डब्यात जपून ठेवलं होतं. फौजेच्या त्या भल्या मोठ्या चुलीपुढं बसून तुम्ही भाकरी थापत होतात, आणि स्वयंपाकी जवान तुमच्याकडं बघून हसत होते. "इथं उस्ताद म्हणू नगंस," तुम्ही म्हणालात, "जेव." हातावर भाकरी, तिच्यावर ठेचा. मी रडलो ते ठेच्यानं असं मी सांगितलं आणि तुम्ही ते खरं मानल्यासारखं केलंत.

मग लढाई लागली आणि आपण दोघं डोंगरातल्या त्या एकाच रस्त्यावर येऊन पडलो. वर आपली माणसं लढत होती आणि त्यांचा दारूगोळा, खाणं, रॉकेल, सगळं त्या रस्त्यानं जायचं. एका ठिकाणी डोंगराची उघडी बाजू होती, झाड नाही की आडोसा नाही, आणि समोरच्या शिखरावर दुश्मनाचा माणूस दुर्बीण लावून बसलेला. आपली गाडी उघड्यावर आली की तो मागं खबर द्यायचा आणि मागून तोफ उडायची. रस्त्याच्या त्या तुकड्याच्या तोंडाशी तुम्ही झेंडी घेऊन उभे असायचात. तुम्ही कधी लागोपाठ दोन गाड्या सोडायचात, कधी बराच वेळ एकही नाही. वरच्या माणसाला ताल सापडू द्यायचा नाही, एवढा एकच तुमचा हिशोब. आम्ही ड्रायव्हर मागं रांगेत बसून तुमच्या हाताकडं बघत असू. मला लघवीला जायची भीती वाटायची, कारण तेवढ्यात माझी पाळी येईल आणि माझी गाडी दुसरा नेईल, आणि त्याला काही झालं तर? आणि न जायची पण भीती वाटायची. अशी सगळ्या बाजूंनी भीती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

त्या सकाळी कॅप्टन साहेबांनी मला आणि तुम्हाला बाजूला घेतलं. दुश्मनाच्या तोफा कुठं लपवल्यात ते आपल्या तोफखान्याला कळत नव्हतं. त्या उडाल्या तरच कळणार होतं. म्हणून एक खोटी गाडी पुढं पाठवायची. ताडपत्री कसून बांधलेली, आत दगड भरलेली पोती, म्हणजे चढावर ती भरल्यासारखी दमताना दिसावी. दुश्मन तिच्यावर गोळे टाकेल, आपल्या तोफा तिकडं तोंड करतील आणि तो दबला की मागच्या खऱ्या गाड्या निघतील. गाडी माझी होती. साहेब हळू आवाजात बोलत होते, चांगलं बोलत होते, आणि मला फक्त त्यांचे ओठ दिसत होते. मी गाडीत बसलो. तुम्ही झेंडी खाली केलीत. माझा डावा पाय क्लचवर होता आणि तो माझा राहिला नव्हता. गुडघ्यापासून खाली तो नुसता उडत होता. तुम्ही दुसऱ्यांदा झेंडी हलवलीत. मी तुमच्याकडं बघितलं. मग तुम्ही झेंडी तुमच्या शेजारच्या नायकाच्या हातात दिलीत, चालत आलात आणि पलीकडचं दार उघडून माझ्या शेजारी बसलात. "सरकू नगं. तूच चालव."

मी चालवली. उघड्यावर आलो तसं ऊन एकदम काचेवर आलं. मी ॲक्सिलेटर दाबला तर तुम्ही म्हणालात, "वेग वाढवू नगं. भरलेली गाडी इतकी पळत न्हाई." मी म्हटलं, "उस्ताद, मारतील." "मारावं म्हणूनच तर आलो आपण. हळू." पहिला गोळा खाली दरीत पडला. तुम्ही मला विचारलंत, "तुमच्याकडं लोकर कवा कातरतेत?" मला वाटलं तुमच्या डोक्यावर परिणाम झाला. "एकदा पाऊस सरल्यावर," मी म्हटलं, "एकदा शिमग्याच्या टायमाला." "कातरल्यावर मेंढरू ओळखू येतं का?" दुसरा गोळा मागं पडला, पुढची काच फुटून आपल्या मांड्यांवर आली, माझा डावा कान गेला तो अजून पुरता परत आलेला नाही. तुमचे ओठ हलताना दिसले आणि मी अंदाजानं ओळखलं, गियर. मी गियर बदलला. उघडा रस्ता संपतो ते वळण येईपर्यंत मला माझा श्वास आठवत नाही, फक्त वेगाचा काटा आठवतो, तो एका जागी धरून ठेवलेला. वळणाआड गेलो आणि आपल्या तोफा सुरू झाल्या. छातीच्या आतून वाजावं तसा तो आवाज होता. थोड्या वेळानं मागून भरलेल्या तीन गाड्या धडधडत आल्या, तिन्ही धड. तुम्ही खाली उतरून गाडीच्या मागं गेलात. मी पण उतरलो. तुम्ही चाकाला धरून ओकत होतात. तोंड पुसून वळलात आणि म्हणालात, "काय बघायलास? टायर तपास."

साहेब जीपनं आले तेव्हा मला वाटलं तुमची पाठ थोपटतील. त्यांनी विचारलं, "आपकी जगह कहाँ थी, हवालदार?" "पॉइंट पर, साहब." "फिर?" तुम्ही ताठ उभे. "गलती हुई, साहब." साहेब बरोबर होते. तुम्ही मेला असता तर त्या तुकड्याचा अंदाज असलेला माणूसच गेला असता. आम्हाला जागा सोडायची नाही म्हणून शिकवणारे तुम्ही, तुम्हीच सोडलीत. ते मला कितीतरी दिवस टोचत राहिलं, कारण सोडलीत ती माझ्यामुळं असं मी धरून चाललो होतो.

म्हणून मी तुम्हाला भेटायला वालूरला आलो. तुम्ही पेन्शनीत आला होतात आणि दम्यानं बाजेवर बसून होतात. तुमच्या मालकीणबाईंनी चहा आणला, बशीत ओतून दिला. मी विचारलं, "त्या दिवशी माझ्यासाठी बसलात ना गाडीत?" तुम्ही बराच वेळ खोकलात. "तुझ्यासाठी कशाचं. माझ्यासाठी बसलो. झेंडी खाली केली की गाडी दिसंनाशी हुईस्तवर बघावं लागायचं. लय पोरं सोडली मी तशी. त्या दिवशी बघणं हुईना. त्यापरीस बसून जाणं सोपं वाटलं." मी म्हटलं, "भेव वाटलं व्हतं का?" "गाडीत कमी. झेंडी धरून उभं ऱ्हायल्यावर लय." मग तुम्ही बिस्किटांचा पुडा माझ्याकडं सरकवलात आणि पावसाचं बोलायला लागलात. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. मी तेव्हा ते बोलणं ऐकलं होतं, कळलं असं म्हणणार नाही.

यंदा पुन्हा सीमेवर पेटलं, उस्ताद, आणि आता डोंगरावर दुर्बीण घेऊन माणूस बसवावा लागत नाही. डोक्यावर घरघरत एक यंत्र येतं, ड्रोन म्हणतात, ते बघतं पण आणि तेच येऊन आदळतं पण. आपण वळणाआड गेलो की वाचलो समजायचो. आता वळणाचा आडोसा उरलेला नाही. लेकीचा फोन बंद झाला. तिची आई फोन चार्जरला लावून त्याच्याशेजारीच बसून राहायची, जेवण पण तिथंच. मी शहाण्यासारखं सांगायचो की लढाईत फोन बंद ठेवतात, तोच कायदा आहे. एका सकाळी जिंतूरच्या बाजारात हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा वाजला आणि मी भाजीच्या हातगाड्याखाली कधी शिरलो मला कळलं नाही. भाजीवाला वाकून म्हणाला, "काका, सराव हाय. उठा." लोक बघत होते. माझ्या मुठीत कोथिंबिरीची जुडी चुरगळलेली होती.

मग तिचा फोन आला. आवाज बसलेला. "पप्पा, मी बरी हाय." मी विचारलं काय झालं. तिनं सांगितलं, अगदी रिपोर्ट द्यावा तसं. ड्रोन येताना ऐकू आलं, तिनं रस्त्यावरच्या गाड्या जागच्या जागी थांबवल्या. एक ड्रायव्हर घाबरला आणि झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीला चिकटून गाडी लावायला लागला. "मी पळत गेले, बोनेटवर थाप मारून त्याला मागं घ्यायला लावलं. शिव्या द्यायला लागला मला. म्हटलं, दे, पण मागं घे." तो मागं गेला आणि ते यंत्र दोन्ही गाड्यांच्या मधात पडलं. काचा फुटल्या, माणूस कुणी गेलं नाही. मी विचारलं, "तू कुठं होतीस?" "मधातच की. नालीत पडले होते." मी फोन तिच्या आईकडं दिला आणि बाहेर येऊन ओट्यावर बसलो. मला तिचा अभिमान वाटायला पाहिजे होता. तो वाटला, पण नंतर, फार नंतर. त्याआधी मला फक्त ती नाली दिसत होती.

गोळीबार थांबल्यावर ती सुट्टीवर आली, झोपली, खाल्लं, येलदरीला धरणावर जाऊन आली, मैत्रिणींबरोबर हसली. आज गेली. दूरवर पुन्हा काय चाललंय ते मला माहीत नाही, पेपरात येतं ते मी वाचत नाही. तुमच्या धाकट्याचं वालूरला दुकान आहे, हा कागद त्याच्या हातात देता आला असता, त्यानं तुमच्या फोटोमागं ठेवला असता. पण तो आधी वाचेल, आणि तुम्ही मला शिपाई केलंत असं तो गावात सांगत असतो. म्हणून हा इथंच राहणार. तुम्हाला तेवढं सांगतो. गाडी सुटायच्या आधी मी खिडकीशी गेलो आणि तिला म्हटलं, पोटात दुखायलंय म्हणून कळव, चार दिवस थांब इथं. ती म्हणाली, "पप्पा, काय बोलायलात तुम्ही?" मी हसण्यावारी नेलं. ते हसण्यावारी नव्हतं, उस्ताद. ती हो म्हणाली असती तर मला लाज वाटली नसती. मी तिथल्या तिथं तिची बॅग उतरवून घेतली असती.