पदरातले एकोणीस पक्षी

माझ्या विसरभोळ्या धाकटीला थोरलीचा आशीर्वाद.

“सगळं भरलंय गं” म्हणालीस आणि माझा स्वेटर खुंटीवरच! इथल्या डोंगरात मी गाइडचं जाकीट घालून हिंडते. हे पत्रही तोच लिहून देतोय, आणि हसतोय मेला.

माझी तब्येत ठणठणीत आहे. पण पक्षी उडतील म्हणून दिवसभर कुणी तोंड उघडत नाही. माझ्यासारखीला ही शिक्षाच! तुझं डोळ्याचं ऑपरेशन निघालं नि यायचं राहिलं, म्हणून जीपमध्ये शेजारी तुझ्या जागेवर पिशवी ठेवते. काल दलदलीत लांब पायांचा लालबुंद पक्षी दिसला, तर “बघ गं” म्हणून पिशवीलाच कोपर मारलं.

बाकीचे वहीत पक्षी लिहितात, मी पदराला गाठ मारते. एकोणीस झाल्या. घरी आले की एकेक सोडून सांगीन.

सोमवारी पट्टी सुटणार होती ना? नीट दिसतं का? इथे फोन लागत नाही.

उत्तर लिहू नकोस, मला कुठे वाचता येतं! शनिवारी तिकडून पक्षी बघणाऱ्यांची दुसरी तुकडी येतेय, तिच्याबरोबर भाजलेले शेंगदाणे पाठव. तूच निवड, सुनेला हात लावू देऊ नकोस. एकही काळा दाणा निघाला नाही, की तुझं उत्तर मी वाचलं म्हणून समज.