बारा पाऊण नऊ

अण्णा, परवा मला एक फोन आला आणि त्या फोनवर मी तुमच्याबद्दल एकच शब्द बोललो. "हो." त्या शब्दाने तीन दिवस जेवण गोड लागू दिलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचं शेवटचं वय मी केव्हाच ओलांडलं. हा कागद तुमच्या हातात पडला असता तर तुम्ही आधी लाल पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले असते आणि मग मजकूर वाचला असता. तुम्हाला क्रमाने सांगितलेलं आवडायचं. माझ्या डोक्यात तो क्रम धड राहिलेला नाही, तरी बघतो.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू झालं होतं आणि मी शिक्षकाचं ट्रेनिंग अर्ध्यात सोडून तिथे स्टोअरमध्ये कारकून म्हणून चिकटलो होतो. तुम्ही चिंचणीच्या शाळेचे हेडमास्तर. तुमच्या मनात माझ्यासाठी शाळेची खुर्ची होती आणि मी सायकलवरून सिमेंटची पांढरी धूळ अंगावर घेऊन घरी येत होतो. "गोण्या मोजायला तुला पाढे शिकवले नव्हते," असं तुम्ही दिवाळीत म्हणालात, आणि त्यानंतर संक्रांतीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. तुम्ही आणि मी एकाच पंगतीला हातभर अंतराने जेवत होतो आणि आई मध्ये पोस्टमनचं काम करत होती. तुम्ही तिला म्हणायचात, "त्याला विचार, तू भात वाढायचा का विचारतेयस ते ऐकू येत नाही का." मी सगळं ऐकत असायचो. मला राग होता, खूप राग होता, आणि त्याच्या तळाशी काय होतं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगतो. तुम्ही माझ्याशी बोलावं, एवढंच मला हवं होतं.

कामावर माझे दोन दोस्त झाले होते. एक सांगलीकडचा फिटर, घाटावरचा गडी, समुद्र त्याने नोकरीला आल्यावर पहिल्यांदा पाहिलेला. दुसरा उमरोळीचा, शेतकऱ्याचा मुलगा, भाताच्या खाचरात वाढलेला. दोघांनी माझ्यामागे टुमणं लावलं होतं की एकदा शिडाच्या होडीत बसव, तू किनाऱ्यावरचा ना. मी किनाऱ्यावरचा खरा, पण जन्मात होडीत पाय ठेवलेला नव्हता, कारण तुमची सक्त मनाई. ते काही मी त्यांना सांगितलं नाही. आपल्या मागच्या आळीतल्या मांगेलीण मावशीची एक लहान होडी होती. तिचा नवरा मोठ्या बोटीवर गेला की ती वाळूत पडून असायची. मावशी सहजी देणारी नव्हती. पण मी मागितली म्हटल्यावर म्हणाली, "गुरुजींचा पोर हाय तू, तुला नाय कशी म्हनू. पान्याची वेळ तेवढी बघूनशी जा. ठावं हाय ना?" मी म्हटलं, "पाऊणकी पाठ आहे मावशी." ती हसली. तुमच्या हाताखालून गेलेल्या मुलांना भरतीचं गणित येतं, ही गोष्ट साऱ्या किनाऱ्याला माहीत होती. तिथीची पाऊणपट करायची, की भरती पूर्ण व्हायची वेळ निघते. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. चुकलं की रूळ बोटांच्या पेरांवर. कोळ्या-मांगेल्यांच्या मुलांना या हिशोबाची गरज नसायची, त्यांना पाण्याकडे बघूनच कळायचं. तरी तुम्ही त्यांच्याकडूनही म्हणवून घ्यायचात.

संक्रांत त्या वर्षी रविवारी आली. सकाळी निघायचं ठरलं आणि ऐन वेळी लक्षात आलं की तिथी कोणती ते मला माहीतच नाही. पंचांग तुमच्या बैठकीवरच्या खिळ्याला, आणि तुम्ही त्याच्या बरोब्बर खाली बसून सुपारी कातरत होता. ते काढायचं तर तुमच्या डोक्यावरून हात न्यावा लागला असता. आईला विचारावं तर ती "कशाला रे?" म्हणणार आणि तुम्ही मान वर करणार. तिळगूळ वाटीत काढून ठेवला होता. तो तुमच्या हातून घ्यावा लागू नये म्हणून मी मागच्या दाराने सटकलो. वाटेत शाळा. तुमची शिस्त मला ठाऊक होती: फळ्यावर रोज वार, तिथी आणि खाली सुविचार, कोरा फळा म्हणजे बंद शाळा. सुट्टीच्या दिवशीही तुम्ही घड्याळाला किल्ली द्यायला जायचात. गेलात की फळाही बदलत असाल, असं मी धरून चाललो. खिडकीच्या गजांना नाक लावून बघितलं. द्वादशी. बारा पाऊण नऊ. नवाला भरती पूर्ण, त्यानंतर पाणी उतरणार. मी खूश झालो. तुम्हाला न विचारता तुमच्याकडूनच काम करून घेतलं, असं वाटून जास्तच खूश झालो.

पावणेआठला आम्ही होडी ढकलली. पाणी असायला हवं त्याच्यापेक्षा बरंच खाली होतं, वाळूवरून ओढता ओढता दम निघाला. "आज भरती लहान दिसते," मी म्हटलं. माझे डोळे एक सांगत होते आणि पाढा दुसरं, आणि मी पाढ्याचं ऐकलं. शीड कसं उभारतात ते मी शंभरदा लांबून पाहिलं होतं. जवळून ते फडफडून तोंडावर बसतं, दोराची गाठ भलतीकडे जाते, आणि घाटावरचा गडी त्यात गुरफटून "आरं, मला बाहेर काढा की" म्हणत राहतो. शेवटी कसंबसं ते वर गेलं, आणि जमिनीकडून सुटलेल्या सकाळच्या वाऱ्याने एकदम भरलं. अण्णा, ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. फडफड थांबली आणि सगळं गप्प झालं. होडी जराशी कलली आणि चालू लागली. कोणी ओढत नव्हतं, ढकलत नव्हतं. उमरोळीचा मित्र, जो कधी फारसं बोलायचा नाही, तो म्हणाला, "इंजनाबिगर चालतंय न् आवाज पन नाय." मागे वळून पाहिलं तर चिंचणीचे माड बोटाएवढे आणि तारापूरकडचं आमचं काम, ज्याच्यापायी तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलं होतं, ते काड्यापेटीएवढं. मला तेव्हा हसू आलं की रडू, मला आजही नक्की ठरवता येत नाही. तुम्ही हे बघायला हवं होतं असं वाटलं, आणि तुम्ही बघितलं तर काय म्हणाल याची भीतीही तेवढीच वाटली.

परत येताना वारा पडला. शीड लोंबलं, वल्हं मारायची आम्हा कोणालाच सवय नाही, आणि सव्वानऊच्या सुमाराला होडीचा तळ खाडीच्या तोंडाजवळच्या वाळूच्या पट्टीवर घासून बसला. किनारा समोर दिसत होता, माणसं ओळखू यावीत इतका जवळ. मी घड्याळ बघितलं आणि मास्तरासारखा बोललो. "भरती नवाला संपली. पाणी उतरतंय. होडी आता इथेच बसून राहील संध्याकाळपर्यंत. नांगर नको काही नको, चला चालत." आम्ही उतरलो. पट्टीवर पाणी गुडघ्याला होतं. पट्टी आणि किनारा यांच्यामध्ये एक खोलगट भाग होता, तिथे ते कमरेला आलं. "मला तं पानी वाढतंय असा वाटतंय," उमरोळीचा म्हणाला. मी म्हटलं, "उतरतंय. लाटांमुळे वाटतं तसं." थोड्या वेळाने पोटाच्या वर. फिटर माझा खांदा धरून चालत होता, त्याला पोहता येत नव्हतं. "गड्या, हे चढतंय की रं." मी म्हटलं, "उतरतंय." मागे वळून पाहिलं तर होडी पट्टीवरून सुटली होती आणि शीड तसंच लोंबवत आमच्या मागून हळूहळू येत होती. तरीही माझ्या तोंडातून पुन्हा तोच शब्द निघाला. फिटरचा पाय घसरला, तो गेला, मी त्याचा सदरा धरला आणि मीही गेलो. खारट पाणी नाकात गेलं तेव्हासुद्धा मी मनात बारा पाऊण किती तेच करत होतो.

आम्हाला बाहेर काढलं ते मावशीने आणि तुम्ही. मावशीने आरडाओरडा करून दोर आणला होता आणि ती सरळ पाण्यात आली होती. पण माझ्या दंडाला जो हात लागला तो तुमचा. तुम्ही धोतरासकट छातीभर पाण्यात उभे होता, चष्मा नव्हता, आणि तुम्हालाही पोहता येत नव्हतं. तुम्ही मला शोधत किनाऱ्यावर आला होता, खिशात तिळगुळाची पुडी घेऊन. ते मला आईने नंतर सांगितलं.

वाळूवर फिटर ओकत बसला होता. तुम्ही दम खाल्लात आणि अडीच महिन्यांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोललात. "आज तिथी काय?"

"द्वादशी," मी म्हटलं.

"आज चतुर्दशी आहे. द्वादशी कुठे पाहिलीस?"

मी तुमच्याकडे बघितलं. फळा मी सांगितला नाही. "पंचांगात बघताना चुकलो. पाऊणकीही चुकली असेल," असं काहीतरी पुटपुटलो. तुम्हाला वाचवायचं म्हणून की दोघा मित्रांसमोर तुमची चूक उघडी पडली तर मलाच लाज वाटेल म्हणून, कोण जाणे. तुम्ही म्हणालात, "म्हण." आणि मी, विशीतला नोकरदार माणूस, कुडकुडत उभा राहून पाऊणकी म्हटली. बारा पाऊण नऊ, तेरा पाऊण पावणेदहा, चौदा पाऊण साडेदहा. एकही आकडा चुकला नाही. समोर पाणी अजून चढत होतं, साडेदहा वाजायला अवकाश होता. तेवढ्यात मावशी लुगडं पिळता पिळता म्हणाली, "सकाळी तं तो शाळंच्या खिडकीशी उभा होता, मी बघितला ना." तुम्ही शाळेच्या दिशेला वळलात. चष्म्याशिवाय तुम्हाला काही दिसत नसणार. "फळा," एवढंच म्हणालात. मग खिशातली भिजून चिकट झालेली पुडी काढून माझ्या तळहातावर ठेवलीत आणि माझी मूठ तुमच्या हाताने मिटवलीत.

त्या दिवसापासून तुम्ही बदललात. मला स्वतःहून हाक मारू लागलात. कामावर काय चाललंय ते विचारू लागलात, गोण्या लाकडी फळ्यांवर का रचतात ते तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असायचं. आपल्या चुकीवर मुलाने पांघरूण घातलं, असं तुम्हाला वाटत होतं. आणि रोज शाळा सुटताना तुम्ही स्वतः फळा पुसू लागलात. तुम्ही, कोऱ्या फळ्याला बंद शाळा म्हणणारे. निवृत्तीच्या निरोप समारंभात तुम्ही सगळ्या शिक्षकांसमोर सांगितलंत की माझ्या हातून आयुष्यात एक मोठी चूक झाली, एक शिळी तिथी मी पुसली नाही आणि तीन पोरांचा जीव जात होता. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो.

परवाचा फोन फिटरचा. सांगलीला असतो, नातवंडांना समुद्राची गोष्ट सांगत होता, साक्षीला मला फोन लावला. "तुझ्या वडिलांनी फळ्यावर चुकीची तिथी ठेवली, म्हणून आपण बुडत होतो, होय की नाही?" पोरं कान लावून होती. मी म्हटलं, "हो."

आता ते सांगतो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कामावर जाताना मी सायकल थांबवून पुन्हा त्या खिडकीशी गेलो होतो. तुम्ही अजून शाळेत आला नव्हता. शनिवारी भोगीची सुट्टी, रविवारी संक्रांत, त्यामुळे फळा तसाच होता. तिथी दुसऱ्या ओळीत होती. पहिल्या ओळीत, तुमच्या गोल मोठ्या अक्षरात, लिहिलेलं होतं: शुक्रवार. तुमची तिथी बरोबरच होती, अण्णा, शुक्रवारची. सुट्टीत तुम्ही फळा बदलता असं मला कोणीही सांगितलेलं नव्हतं, ते मीच ठरवलं होतं. मी घरी वळून तुम्हाला सांगू शकलो असतो. अर्ध्या वाटेपर्यंत वळलोही. मग आठवलं, की निघताना तुम्ही दारापर्यंत येऊन "सांभाळून जा" म्हणाला होता. सांगितलं असतं तर ते बंद झालं असतं, असं मला वाटलं. कदाचित झालंही नसतं. हे मला कळत नाही, आणि आता कळायचा मार्ग नाही.

हा कागद कुठे टाकायचा ते माहीत नाही. फिटरचा नंबर समोर आहे, त्याला तरी खरं सांगावं म्हणून सकाळपासून दोनदा फोन उचलला आणि ठेवला. त्याच्या नातवंडांसमोर मी अजून गुरुजींचा चांगला मुलगा आहे, आणि ते मला अजूनही सोडवत नाही.